अर्ली रिटायरमेंटसाठी साठवलेले ८,२७,००० बँकेच्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) पॉलिसीत अडकवले, वेळेवर सावध व्हा

८,२७,००० रुपये भरले आणि पॉलिसी मोडायला गेलो तर हातात पडणार २,४०,०००. बँकेचं नाव लिहीत नाहीये, तक्रार अजून चालू आहे, आणि तसंही हा प्रकार कुठल्या एकाच बँकेत होतो असं थोडंच आहे. एफडीसारखंच आहे म्हणत इन्शुरन्स गळ्यात मारतात हे आता सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. म्हणूनच जास्त संताप येतो, कारण मी डोळे झाकून सही करणाऱ्यातला नाही, दर महिन्याला नेटवर्थची शीट भरणारा माणूस आहे.

थोडं बॅकग्राउंड. बायको आणि मी दोघंही नोकरी करतो, पगारातला निम्म्याहून जास्त भाग बाजूला टाकतो, घरखर्च महिन्याला ६०,००० म्हणजे वर्षाला ७,२०,०००. अमेरिकेत विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेला तो चार टक्क्यांचा हिशोब, वार्षिक खर्चाच्या २५ पट जमवा आणि निवृत्तीत त्यातले वर्षाला चार टक्के काढा वगैरे, तो तिथल्या मार्केटवर आणि तिथल्या महागाईवर काढलेला आहे, आपल्याकडे तेवढ्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून मी ३० पट धरले, २ कोटी १६ लाख, वयाच्या ४५ पर्यंत. इक्विटी इंडेक्स फंडात चालू होतीच. प्रश्न होता डेटचा, म्हणजे एफडी-पीपीएफसारख्या व्याजाच्या गुंतवणुकीचा. पीपीएफ दीड लाखाच्या पुढे भरता येत नाही, आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ६.८ टक्क्यांची एफडी टॅक्स कापून ४.७ वर येते. तर मार्च २०२३ मध्ये माझी ९ लाखांची एफडी मॅच्युअर झाली आणि दुसऱ्याच दिवशी आरएमचा फोन.

त्या वर्षीच्या बजेटमध्ये आलं होतं की १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला तर मॅच्युरिटीची रक्कम टॅक्सेबल. मार्चभर सगळ्या बँकांचे लोक या एका बातमीवर पॉलिसी विकत सुटले होते. "सर, ३१ मार्चच्या आत घ्या, नंतर टॅक्स फ्री बंद होणार." आणि मला विकली किती प्रीमियमची? ४ लाखांची! म्हणजे तो नियम मला लागूच नव्हता, एप्रिलमध्ये घेतली असती तरी काही फरक पडला नसता. घाई फक्त त्याच्या टार्गेटची होती. कुणी तारीख दाखवून घाई करत असेल तर तो नियम आपल्याला लागतो का एवढं आधी वाचा.

आता आरएमने दाखवलेली शीट. त्याने बँकेचा लोगो असलेला कागद टेबलावर ठेवला, दरवर्षी ४ लाख, पाच वर्षं, म्हणजे २० लाख, आणि पाच वर्षांनी कधीही काढा, २४,७५,००० च्या आसपास मिळतील, गॅरंटीड. घरी येऊन मी स्वतः एक्सेलमध्ये टाकून बघितलं, रिटर्न बरोबर ७.२ टक्के येत होता. आता सांगा, याहून जास्त एखाद्याने काय तपासायचं? गणित बरोबरच होतं, पण ते कागदावरचं गणित त्या पॉलिसीचं नव्हतंच. खऱ्या पॉलिसीत हप्ते १० वर्षं, मग अकराव्या वर्षाच्या शेवटापासून दहा वर्षं दरवर्षी ६,८०,०००. ऐकायला ४० लाखांचे ६८ लाख झाले, पण एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून वर्षाला पडणारा खरा रिटर्न, काढला तर ५ टक्क्यांच्याही खाली. आणि मी ४५ चा होईन तेव्हा त्यातून एक रुपयाही सुरू झालेला नसेल.

ज्या क्षणी कळायला हवं होतं तो क्षण म्हणजे विमा कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल. याचा विचार करून रात्री झोप लागत नाही. कॉलच्या दहा मिनिटं आधी आरएमचा फोन, "सर, कंपनीतून फोन येईल, स्टँडर्ड प्रश्न असतात सगळ्या प्रॉडक्टना तेच, हो म्हणत जा, कुठे नाही म्हटलंत तर फाइल अडकते आणि ३१ तारीख निघून जाईल." मग ती बाई भराभर वाचत गेली आणि मध्येच विचारलं की तुम्हाला १० वर्षं प्रीमियम भरायचा आहे हे तुम्हाला समजलंय का. मी थांबलो होतो! मी विचारलं सुद्धा की १० कसे, मला तर ५ सांगितलेत. ती म्हणाली तुम्ही तुमच्या रिलेशनशिप मॅनेजरशी बोलून घ्या, मी परत कॉल करते. मी लगेच त्याला लावला तर हा म्हणतो, "सर, १० ही मॅक्झिमम टर्म असते, ५ नंतर एक्झिट आहेच, माझ्या वडिलांचं पण यातच केलंय." दुसऱ्या कॉलला मी हो म्हटलं. ज्या बँकेत तेरा वर्षं माझा पगार जमा होतोय तिचा माणूस, तिच्याच इमारतीत बसून, वडिलांचं नाव घेऊन सांगतोय म्हटल्यावर कोणीही हो म्हटलं असतं. समोरचा "हो म्हणा" असं शिकवत असेल तर त्याच कॉलवर सांगा की मला हे उत्तर शिकवलं गेलंय. कॉल रेकॉर्ड होतो, पुढे तेवढंच कामाला येतं.

पॉलिसी बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, ईमेलवर गेला, पण फॉर्ममध्ये माझ्या ईमेलमध्ये एक अक्षर जास्त घातलेलं. उत्पन्नही १९ लाखांऐवजी २८ लाख लिहिलेलं. फॉर्म टॅबवर त्यानेच भरला, माझ्याकडून फक्त ओटीपी घेतला. डिजिटल पॉलिसीला तेव्हाही ३० दिवसांचा फ्री लूक, म्हणजे पॉलिसी रद्द करून पैसे परत घ्यायची मुदत, होता, ते दिवस बाँड न बघताच गेले, आणि ते अक्षर चुकून जास्त पडलं यावर माझा अजिबात विश्वास नाही.

पहिला हप्ता ४ लाख अधिक साडेचार टक्के जीएसटी, ४,१८,०००. मार्च २०२४ मध्ये दुसरा, ४,०९,०००. तोपर्यंत आरएमची बदली झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये मी डेटचा हिशोब परत मांडताना नेटवर्थमध्ये टाकायला स्टेटमेंट मागवलं तेव्हा सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम, दिसली, भरलेल्या प्रीमियमच्या ३० टक्के. म्हणजे ५,८७,००० चं नुकसान, आमचा जवळजवळ दहा महिन्यांचा घरखर्च. बायकोला सांगायला मला चार दिवस लागले.

मग सुरू झाली फिरवाफिरवी. ब्रांच मॅनेजर म्हणे आम्ही फक्त वितरक, कंपनीशी बोला. कंपनीचं उत्तर तीन ओळींचं, तुम्ही सही केली, ओटीपी दिला, कॉलवर अटी मान्य केल्या. पहिल्या कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं ज्यात मी "१० कसे" असं विचारलंय, ते अजून दिलेलं नाही, दुसऱ्याचा हवाला मात्र प्रत्येक मेलमध्ये. ती शीट दाखवली तर म्हणे यावर सही शिक्का नाही, हे आमचं डॉक्युमेंट नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, ती तिथून फिरून परत त्याच कंपनीकडे गेली आणि कंपनीने तेच तीन ओळींचं उत्तर चिकटवल्यावर तक्रार "निकाली". निकाली म्हणजे काय, कोणाची निकाली? पोलीस स्टेशनला दोन तास बसवून सांगितलं की हे दिवाणी मॅटर आहे, साहेब तुम्ही शिकलेले, सही कशी केली. खोटं उत्पन्न लिहून, खोटा ईमेल टाकून, खोटा कागद दाखवून पैसे घेतले तर ते दिवाणी? नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी स्वतः मुंबईच्या भाषणात बँकांच्या इन्शुरन्स मिससेलिंगवर, म्हणजे खोटं सांगून विमा विकण्यावर, बोट ठेवलं, म्हणजे वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि खाली काउंटरवर बसलेल्या एकालाही जबाबदारी नको आहे. प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि आपली सुट्टी संपते.

आता विमा लोकपालाकडे अर्ज दिलाय. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार लागते आणि कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, हे मला कंपनीने किंवा बँकेने कधीच सांगितलं नाही. तिसरा हप्ता भरला नाही आणि भरणारही नाही. बरेच जण "आता एवढे भरलेत तर पुढचे भरा" म्हणतात, त्यांचं ऐकू नका, आधी पुढच्या हप्त्यांचा हिशोब वेगळा मांडून बघा.

आरएम तोंडाने काय सांगतो त्याला शून्य किंमत आहे, त्याला म्हणा बँकेच्या ईमेलवरून पाठव. नाही पाठवलं तर उठून या. टॅब त्याच्या हातात देऊ नका, फॉर्म स्वतः भरा, मोबाइल आणि ईमेल दोनदा वाचा. सरेंडर व्हॅल्यूचा वर्षवार तक्ता मागा, पहिली पाच वर्षं बघा, बाकी ब्रोशर बघायची गरज नाही. एफडी मॅच्युअर होताना पैसे सेव्हिंगमध्ये लोळत ठेवू नका, त्यांना स्क्रीनवर दिसतात. आणि विमा हवा असेल तर टर्म इन्शुरन्स घ्या, गुंतवणूक वेगळी ठेवा.

ज्यांनी नुकतीच फेब्रुवारी-मार्चच्या गडबडीत अशी काही पॉलिसी घेतली आहे त्यांनी आजच बाँड उघडा, आला नसेल तर कंपनीला फोन करून कुठल्या ईमेलवर पाठवला ते विचारा. आता सगळ्याच पॉलिसींना बाँड मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूक आहे. रद्द करायचा मेल थेट कंपनीला करा, मेलमध्ये "फ्री लूक" हे शब्द लिहा आणि पोच घ्या. आरएमला सांगू नका, तो "बघतो सर" म्हणत ३० दिवस काढेल.