इंग्रजी वाक्प्रचार आणि बोलभाषा: जळगावातील एका वर्गाचे परीक्षण

जळगावात इंग्रजी संभाषणाच्या वर्गांना तोटा नाही. जिल्हापेठ, रिंगरोड, गणेश कॉलनी या भागांत एकेका रस्त्यावर दोन-तीन फलक सहज दिसतात. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी काळ, कर्तरी-कर्मणी प्रयोग आणि मुलाखतीची ठरावीक उत्तरे एवढाच अभ्यासक्रम असतो. केवळ वाक्प्रचार आणि रोजच्या बोलण्यातले शब्द यांसाठी वेगळा अभ्यासक्रम चालवणारा वर्ग माझ्या पाहण्यात एकच आहे. जिल्हापेठेत राहणाऱ्या एक निवृत्त प्राध्यापिका आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर तो चालवतात. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे या लेखात त्यांचा उल्लेख, विद्यार्थी करतात तसाच, 'मॅडम' असा केला आहे. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असून तास शनिवारी आणि रविवारी असतात.

मी औद्योगिक वसाहतीतील एका चटई कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार पाहतो. परदेशी ग्राहकांच्या ई-मेलमधले व्याकरण मला अडत नाही. घोडे अडते ते वाक्प्रचारांपाशी. एखादा ग्राहक 'बॉलपार्क फिगर' मागतो, तेव्हा त्याला पक्का दर हवा आहे की अंदाज, हे 'बॉल' आणि 'पार्क' या शब्दांचे अर्थ कोशात पाहून समजत नाही. बेसबॉलच्या मैदानावरून आलेल्या या शब्दप्रयोगाचा अर्थ ढोबळ अंदाज एवढाच आहे. त्याच्या उत्तरादाखल मुदतीसह सही-शिक्क्याचे दरपत्रक पाठवले, तर पुढच्या वाटाघाटीत आपण आपल्याच आकड्याला बांधले जातो. वर्गात माझ्यासारखी गरज असणारे बरेच जण भेटले. रावेर आणि सावद्याकडच्या केळी निर्यातदारांकडे काम करणारी मुले होती, विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुली होत्या, पुण्याच्या कंपन्यांत जाऊ पाहणारे अभियंते होते, आणि अमेरिकेत वाढणाऱ्या नातवंडांचे बोलणे समजावे म्हणून येणारे एक सेवानिवृत्त दांपत्यही होते. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकाच खोलीत शिकवणे अवघड आहे, आणि मॅडम ते चांगल्या रीतीने निभावतात.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू ही, की येथे वाक्प्रचार पाठ करून घेतले जात नाहीत. पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. पहिले 'ही किक्ड द बकेट', म्हणजे तो मेला. दुसरे त्याचाच कर्मणी प्रयोग, 'द बकेट वॉज किक्ड'. दुसऱ्या वाक्यात मरणाचा अर्थ उरतच नाही. कोणीतरी खरोखरच बादलीला लाथ मारली, एवढेच ते सांगते. मग त्यांनी 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणे, हा वाक्प्रचार घेतला आणि त्याचा कर्मणी प्रयोग करून दाखवला. तो मात्र अर्थ न बिघडता चालतो. काही वाक्प्रचार दगडासारखे घट्ट असतात, त्यांतला एक शब्द हलवला तरी अर्थ जातो, आणि काही थोडेफार वाकवता येतात, हा भेद शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितलेला असतो. तो कळल्यानंतर विद्यार्थी नवा वाक्प्रचार ऐकताच आधी त्याचे मूळ रूप जसेच्या तसे टिपून घेऊ लागतात, आणि मला तीच खरी शिकवण वाटते.

त्याच 'किक द बकेट'वर मॅडम पुढे बराच वेळ थांबल्या, आणि तो वेळ सार्थकी लागला. लंडनमध्ये १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोलभाषेच्या एका कोशात हा वाक्प्रचार सापडतो, म्हणजे तो चांगला जुना आहे. परंतु जुना असला तरी तो प्रतिष्ठित झालेला नाही. मराठीत माणूस 'निवर्तला', 'वारला', त्याला 'देवाज्ञा झाली' असे आपण म्हणतो, आणि 'खपला' किंवा 'गचकला' असेही म्हणतो. पण दारावर बसायला गेलेला कोणीही शहाणा माणूस 'तुमचे वडील कधी गचकले?' असे विचारणार नाही. 'किक द बकेट' ही 'गचकला'च्या पंगतीतली भाषा आहे, हे मॅडमनी सांगताच वर्गात कोणालाही अधिक स्पष्टीकरण लागले नाही. शोकसंदेशात 'पास्ड अवे' लिहावे, हेही ओघाने आलेच. पारोळा-अमळनेरकडची मुले घरी अहिराणी आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलतात, यावल-रावेरकडची मुले लेवा बोलीतून प्रमाण मराठीत सहज ये-जा करतात. कोठे काय बोलावे याची जाण त्यांच्या अंगात मुरलेली असते. ती जाण इंग्रजीतही वापरायची असते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. मॅडम ते आवर्जून सांगतात. वहीत प्रत्येक वाक्प्रचारासमोर अर्थ लिहून त्या थांबू देत नाहीत. तो कोण कोणाला म्हणतो, बोलण्यातच चालतो की लिहिण्यातही, आणि आज तो वापरात आहे की नाही, हेही लिहून घेतात. ही माहिती शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत अर्थाशेजारी लहान अक्षरांत 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' अशा शब्दांत दिलेली असते आणि मोबाइलवर ती फुकट पाहता येते. मात्र अर्थाच्या पुढे डोळा नेण्याची सवय लावावी लागते.

मराठी वाक्प्रचारासमोर इंग्रजी वाक्प्रचार मांडण्याची शाळेतली पद्धत मॅडम फारशी वापरत नाहीत, आणि माझ्या मते हे योग्य आहे. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे डोळेझाक करणे, येथे जोडी नीट जमते. 'पुल समवन्स लेग' याची मात्र आपल्या पाय ओढण्याशी जोडी लावली, तर अर्थाचा अनर्थ होतो. कारण आपल्याकडे पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला वर जाऊ देत नाही, तर इंग्रजीत तो केवळ थट्टेने काहीतरी खोटे सांगत असतो. 'गेट कोल्ड फीट' आणि हातपाय गार पडणे यांतही असेच अंतर आहे. आपले हातपाय साप दिसला तरी गार पडतात. इंग्रजीतले पाय गार पडतात ते आधी ठरवलेल्या गोष्टीला ऐन वेळी, लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा करारावर सही करताना. क्रिकेटमधून आलेल्या शब्दप्रयोगांचा तास सर्वांत रंगला. 'ऑन द बॅक फूट' समजायला येथे कोणाला कोश लागत नाही. परंतु 'नॉक्ड फॉर सिक्स' हा शब्दप्रयोग बहुतेकांना विजयाचा वाटला. षटकार आपण मारतो असे धरून चालणाऱ्या आपल्या मनाला हे सुचत नाही, की येथे बोलणारा स्वतः चेंडूच्या जागी आहे. एखाद्या वाईट बातमीने तो पार हादरून गेला आहे. ओळखीच्या खेळातला शब्द म्हणून गाफील राहू नये, हे त्या एका उदाहरणाने जेवढे पटले, तेवढे नियम सांगून पटले नसते.

इंग्लंड आणि अमेरिका यांच्या इंग्रजीतील फरकाला एकच तास आहे, तो वाढवायला हवा. त्या तासातील 'टेबल' या क्रियापदाचे उदाहरण निर्यातीच्या कामात असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांचा याच शब्दावरून बराच वेळ वाद झाला, आणि दोघांचेही म्हणणे एकच आहे हे नंतर उमगले, अशी नोंद चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक आठवणींत केली आहे. भारतीय इंग्रजीबद्दल मॅडमची भूमिका मला विशेष पटली. 'आय पास्ड आउट इन २०१५' किंवा 'डू द नीडफुल' अशा वाक्यांना त्या चूक म्हणत नाहीत. मुंबईच्या कार्यालयाला लिहिताना ती खुशाल वापरावीत; मात्र वाचणारा परदेशी असेल, तर 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणे असा अर्थ तो आधी लावील, हे ध्यानात ठेवून 'ग्रॅज्युएटेड' लिहावे, असे त्या सांगतात. गावाकडून आलेल्या मुलाला आधीच संकोच असतो. त्याचे इंग्रजी सरसकट मोडीत न काढता त्याला एक पर्याय देणे हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण आहे.

उणिवांमध्ये पहिला क्रमांक छापील पुस्तिकेचा लागतो. वर्गात जे जिवंतपणे शिकवले जाते, त्याचा पुस्तिकेत मागमूस नाही. तिच्यात वर्णानुक्रमे लावलेली यादी आणि प्रत्येकासमोर एका ओळीचा अर्थ, एवढेच आहे. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' तिच्यात ठळक अक्षरांत आहे; आजचा इंग्रज माणूस मुसळधार पावसाला बहुधा 'पोअरिंग' म्हणतो, आणि कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाठ्यपुस्तकांबाहेर फारसा पडत नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की या वाक्प्रचाराच्या उगमाची एक कथा पुस्तिकेत खरी म्हणून दिली आहे: पूर्वी इंग्लंडमध्ये गवताने शाकारलेल्या छपरांत कुत्री-मांजरे निजत आणि पावसात घसरून खाली पडत. ही कथा १९९९ च्या सुमारास ई-मेलमधून जगभर पसरलेल्या एका बनावट मजकुरातली असून भाषेच्या अभ्यासकांनी ती खोटी ठरवली आहे. वाक्प्रचाराचा खरा उगम निश्चित नाही, एवढेच म्हणता येते. कथेमुळे वाक्प्रचार लक्षात राहतो हे खरे. पण वर्गात नेमकेपणाचा इतका आग्रह धरणाऱ्या मॅडमच्या पुस्तिकेत असे काही असू नये.

दुसरी उणीव तरुणांच्या बोलभाषेच्या भागात आहे. या भागाला शेवटचे दोन तास दिलेले आहेत, आणि ते घाईत आटोपतात. 'नो कॅप' म्हणजे खरे सांगतो, 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी, असे अर्थ सांगितले जातात. परंतु यांतले पुष्कळ शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आले आहेत, आणि बाहेरच्या माणसाच्या तोंडी ते कृत्रिम वाटू शकतात, ही महत्त्वाची गोष्ट राहून जाते. 'रिझ' हा शब्द ऑक्सफर्डने २०२३ चा वर्षशब्द म्हणून निवडला आणि २०२४ मध्ये तो मान 'ब्रेन रॉट'ला मिळाला. असे शब्द किती लवकर जुने होतात, हे यावरून शिकवता आले असते. उलट 'ब्रेन रॉट' हा शब्दप्रयोग १८५४ मधल्या अमेरिकी लेखनातही आढळतो, तेव्हा नवा वाटणारा प्रत्येक शब्द नवाच असतो असेही नाही. असे शब्द ऐकून समजावेत आणि स्वतः शक्यतो वापरू नयेत, हा सल्ला मॅडम देतात. मला तो बरोबर वाटतो. नातवंडांसाठी शिकणाऱ्या दांपत्यालाही नेमके तेवढेच हवे होते.

अशिष्ट शब्द येथे अजिबात शिकवले जात नाहीत. मिश्र वयाच्या वर्गात मॅडमचा संकोच समजण्याजोगा आहे. तरीही अभियंत्यांना आणि कॉल सेंटरमध्ये जाणाऱ्या मुलांना तेवढा भाग वेगळा बसवून सांगायला हवा. 'पिस्ड' हा शब्द ब्रिटनमध्ये बहुधा दारू चढलेल्याला लावतात आणि अमेरिकेत संतापलेल्याला, आणि दोन्हीकडे तो कार्यालयात शोभत नाही, हे ठाऊक नसलेला मुलगा कधी ना कधी अडचणीत येतो. जी शिवी ओळखता येत नाही, ती नकळत स्वतःच्या तोंडूनही जाते.

ध्वनिमुद्रित संभाषणे येथे ऐकवली जात नाहीत, हीही मोठी त्रुटी आहे. 'सॉर्ट ऑफ' प्रत्यक्षात 'सॉर्टा' असे कानावर पडते, 'गोइंग टू'चे 'गॉना' होते, आणि वहीत अचूक लिहिलेला वाक्प्रचार फोनवर ओळखू येत नाही. मॅडमचे उच्चार स्पष्ट आणि संथ आहेत. शिकताना त्याने आधार मिळतो, पण खरा ग्राहक इतक्या सावकाश बोलत नाही. प्रत्येक तासाला दहा मिनिटे जरी खरी संभाषणे ऐकवली, तरी फरक पडेल.

शुल्क अडीच हजार रुपये आहे आणि ते दोन हप्त्यांत देता येते. शहरातील इतर वर्गांच्या मानाने ते वाजवी आहे. ज्यांना साधे वाक्य जुळवताना अजून अडखळायला होते, त्यांनी येथे येण्याची घाई करू नये; मॅडम स्वतःच त्यांना आधी दुसरीकडे पाया पक्का करून घ्यायला सांगतात. मुलाखतीत झळकवण्यासाठी वाक्प्रचारांचा साठा हवा असणाऱ्यांचीही निराशा होईल, कारण मुलाखतीत 'थिंकिंग आउटसाइड द बॉक्स' म्हणण्यापेक्षा केलेले काम सरळ शब्दांत सांगावे, असे येथे शिकवले जाते. ज्यांचा परदेशी ग्राहकांशी, वरिष्ठांशी किंवा नातलगांशी रोजचा संबंध येतो, त्यांनी मात्र जरूर जावे. पुस्तिकेवर भिस्त ठेवू नये, स्वतःची वही काटेकोर ठेवावी, आणि घरी रोज थोडे तरी ऐकावे. वरचा मजला पत्र्याचा असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या तुकडीला बसणे कठीण जाते. यावल-चोपड्याकडून येणाऱ्यांनी तर सकाळचीच तुकडी घ्यावी, म्हणजे परतीच्या एसटीची घाई न होता तासानंतर मॅडमना शंका विचारता येतात. त्या प्रत्येक शंकेला उभ्याउभ्याच, पण पुरते उत्तर देतात.