संघ सोडताना: जाहीर घोषणा की आधी भेट?

खानापूरचा भाचा बेळगावचा संघ सोडून हुबळीच्या संघातून बास्केटबॉल खेळणार आहे. "मामा, ग्रुपवर एकदम टाकू की आधी कोचना भेटू?" असं विचारत होता. त्याला अमेरिकन बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचे दोन निरोप सांगितले.

८ जुलै २०१०. क्लीव्हलँडचा संघ सोडून मायामीच्या संघात जातोय, हे त्याने टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात जाहीर केलं. त्यातून मुलांच्या संस्थेला लाखो डॉलर मिळाले, हेही खरं. पण सात वर्षं डोक्यावर घेणाऱ्या क्लीव्हलँडकरांना बातमी साऱ्या जगाबरोबरच कळली. रस्त्यात जर्सी जळाल्या, मालकाने त्याच रात्री संतापून जाहीर पत्र काढलं. मला ते आजही लागतं.

२०१४ ला मायामी सोडताना तो आधी संघाचे अध्यक्ष पॅट रायली यांना भेटला. मग लेख लिहून कारण सांगितलं, सहकाऱ्यांची आठवण काढली. मायामीला दुःख झालंच, पण तमाशा झाला नाही.

मेहनत दुसऱ्यात जास्त. समोर बसून सांगायला धीर लागतो. परतीची वाट मात्र त्यातच मोकळी राहते.

शहरच कायमचं सुटणार, निरोप शेकडोंना द्यायचाय, तर ग्रुप ठीक. पण भाच्याला सुट्टीत त्याच मैदानावर यायचंय. त्याने आधी कोचना भेटावं.