मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टला बाहेरून दोन जॅक बसवले, सीझनभर वापरल्यानंतरचा अनुभव

जॅक लावून खरंच फायदा होतो का, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय. आपला ट्रॅक्टर 24 एचपी फोर व्हील ड्राइव्ह मिनी, माहितीपत्रकात लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा, 750 किलोची. द्राक्षबाग निफाड तालुक्यात, मागे लिफ्टवर लटकणारा 400 लिटर टाकीचा फवारणीचा ब्लोअर. जॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे जादा सिलिंडर, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर बसवले आणि फळासाठीच्या गोडी छाटणीपासूनच्या सगळ्या फवारण्या त्यावरच झाल्या.

आधी त्या 750 किलोचं बघू, कारण सगळी गंमत तिथंच आहे. हा आकडा अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या (लिंकच्या) बॉलवर, म्हणजे अगदी टोकाला वजन लटकवून काढलेला असतो. आपलं अवजार काय बॉलवर बसत नाही, ते बॉलच्या मागं लांबवर जातं. रिकामा ब्लोअर 200 किलोच्या आसपास, वर 400 लिटर पाणी म्हणजे 600 झाले, कागदावर 150 किलो हातात शिल्लक, पण त्याचा भार बॉलपासून फूटभर मागं असल्यामुळं लिफ्टला ते बरंच जास्त लागतं. सकाळी तेल गार असताना कसंबसं उचलायचं आणि अकरा वाजता तेल तापलं की टाकी अर्ध्यावर येऊन थांबायची, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) किरकिर करायला लागायचा. मग 250 लिटरच भरायचे आणि फेऱ्या वाढवायच्या. बेमोसमी पाऊस झाल्यावर डाऊनी रोगाच्या भीतीनं एका दिवसात बाग मारून काढायची असते तेव्हा हे फार जड जातं.

आमच्याकडे यावर सरसकट उपाय म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकणे. खर्च शून्य आणि लिफ्ट लगेच जोर धरते, पण प्रेशर वाढतं ते पंप, सील, लिफ्टचं कव्हर सगळ्यांवर, आणि ते काही त्या हिशोबानं बनवलेले नसतात. ओळखीतल्या एका ट्रॅक्टरचं कव्हर असंच तडकलं, त्यामुळं तो विषय मी काढलाच नाही. दुसरा रस्ता म्हणजे प्रेशर आहे तेवढंच ठेवायचं आणि पिस्टनचं क्षेत्रफळ वाढवायचं. 40 मिमी बोअरच्या जॅकचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटीमीटर, त्यावर दर चौरस सेंटीमीटरला 150 किलोचं प्रेशर म्हणजे एका जॅकचा जोर 1900 किलोच्या जवळ. लिफ्ट आर्मच्या लिव्हरमुळं टोकाला त्यातला थोडाच हिस्सा पोचतो, तरी फरक भरपूर पडतो.

बसवताना तीन गोष्टींवर मी अडून बसलो. एक, जॅक दोन्ही बाजूंना पाहिजेत. एकाच बाजूला मोठा जॅक लावला की रॉकशाफ्टला (दोन्ही लिफ्ट आर्म फिरवणाऱ्या आडव्या दांड्याला) पीळ बसतो आणि आर्मच्या आऱ्या (खाचा) खराब होतात, स्वस्त पडतो म्हणून बरेच जण एकच लावतात. दोन, तेलाची लाइन लिफ्टच्या आतल्या सिलिंडरच्या प्रेशरमधूनच घ्यायची, ट्रॉलीच्या टिपिंग व्हॉल्व्हवरून नाही. असं केलं तर पोझिशनचा लिव्हर पहिल्यासारखाच चालतो, आतला आणि बाहेरचे जॅक एकाच वेळी हलतात. तीन, ट्रम्पेटला (मागच्या आसाच्या कव्हरला) वेल्डिंग नको, ते कास्टिंग आहे, ब्रॅकेट आधीच असलेल्या बोल्टच्या जागीच बसवायचा. मेकॅनिकला हे जरा जास्तीचं वाटलं पण केलं त्यानं. होज डबल वायरचे घेतले. स्ट्रोकसुद्धा लिफ्टच्या पूर्ण हालचालीपेक्षा थोडा जास्त ठेवायचा, नाहीतर जॅक आधी संपतो आणि सगळा जोर त्याच्याच टोकावर येतो. जॅक, पाइप, ब्रॅकेट, मजुरी मिळून 20 हजारांच्या आत बसलं. वॉरंटी आधीच संपलेली होती, ज्यांची चालू आहे त्यांनी हात लावू नये, वॉरंटी जाईल.

आता वापर. पहिला फरक आवाजाचा, किरकिर बंद! तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर वाटलं गेल्यामुळं आतलं प्रेशर कमी पडतं, म्हणून तेलही पूर्वीएवढं तापत नाही. दुपारी दोनलाही टाकी पूर्ण उंचीवर जाते. रात्री वर ठेवून बघितलं तर सकाळपर्यंत पूर्वीपेक्षा कमी खाली आलेली असते, तरी मुक्कामाला अवजार जमिनीवरच टेकवायचं, आणि वर असताना खाली घुसायचं नाही.

बदल्यात वेग गेला. दोन्ही जॅकना मिळून साधारण साडेचारशे सीसी जादा तेल लागतं, मिनीचा पंप छोटा, त्यामुळं उचलायला दोन-एक सेकंद जास्त जातात. फवारणीत काही वाटत नाही, पण रोटाव्हेटर लावल्यावर प्रत्येक वळणावर जाणवतं, आणि हलकं अवजार खाली यायलाही उशीर लावतं कारण तेल ढकलायला वजनच नसतं. घाई असणाऱ्या ड्रायव्हरची चिडचिड होते. तेलाची लेव्हल मात्र अर्धा लिटर वाढवून लिफ्ट खाली असतानाच बघायची.

आता मुख्य मुद्दा. लिफ्ट आता 400 लिटर आरामात उचलते, पण मी अजूनही 300 च्या वर भरत नाही. हिशोब असा आहे. भरलेला ब्लोअर 600 किलो, त्याचा भार मागच्या आसाच्या 90 सेंटीमीटर मागं, ट्रॅक्टरचा व्हीलबेस 145. म्हणजे पुढच्या चाकांवरून पावणेचारशे किलो उचलले जातात. मिनीच्या पुढच्या आसावर मुळात असतात साडेचारशेच्या आसपास! आणि मागच्या टायरवर नुसते 600 नाहीत, पुढून गेलेले 370 पण तिकडंच येतात, म्हणजे 970 किलो जादा. स्टिअरिंग नीट चालायला एकूण वजनाच्या निदान 20 टक्के पुढं पाहिजे असं मानतात. म्हणून पुढं 120 किलो वजनाच्या प्लेटा लावल्या आणि टाकी 300 वर ठेवली, तेव्हा कुठं हिशोब त्या 20 टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे खरं सांगायचं तर पाणी 250 चं 300 झालं, बस. ज्यांना वाटतं जॅक लावले की दुप्पट माल उचलू, त्यांनी आधी हा भागाकार करावा. बांधावर चढताना पुढची चाकं हवेत गेली की लिफ्टची ताकद काही कामाची नाही.

माल काढायच्या वेळी मागं क्रेट ठेवायचा कॅरेज लावतो, तिथं तर भार ब्लोअरपेक्षाही मागं जातो, त्यामुळं क्रेट पुढच्या बाजूनं भरायचे आणि दोनच थर ठेवायचे असं मजुरांना सांगून ठेवलंय, तेही बिचारे तिसरा थर लावूनच बघतात.

दुखणी. जॅकच्या खालच्या पिनांचे बुश (पिन ज्यात फिरते त्या कड्या) लवकर ढिले झाले, चिखलाचा सीझन गेल्यावर बदलले, आता ग्रीस निप्पल टाकून घेतलंय. डावा जॅक टायरला अगदी जवळ आहे, बागेसाठी चाकं आत घेतलेली असल्यामुळं खालच्या लिंक डावीकडं-उजवीकडं हलू न देणाऱ्या साखळ्या ढिल्या राहिल्या तर घासतो, साखळ्या रोज बघाव्या लागतात. ब्रॅकेटचे बोल्ट सुरुवातीच्या आठवड्यात पुन्हा आवळले, नंतर हलले नाहीत. होजला कुठं बारीक ओल दिसली तर हात फिरवून शोधू नका, एवढ्या प्रेशरचं तेल कातडीत घुसतं आणि ते साधं लागणं नसतं, पुठ्ठा धरून बघा.

ज्यांचा ट्रॅक्टर 15-18 एचपीचा आहे त्यांनी आधी पुढच्या प्लेटा लावून बघाव्यात, टाकी छोटी घ्यावी, जॅकचा विचार नंतर. आणि 24-28 वाले विचारत असतील तर माझ्याकडून होकार आहे, फक्त बुश चांगल्या गनमेटलचे टाकायला सांगा, माझे मी आता तसेच टाकलेत.