अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा पत्ता: लोकल टाकू की ग्लोबल?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपला नाहीतर निपाणी-खानापूरकडच्या दुकानाला बिलिंगचं अ‍ॅप बसवून देताय, राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू आहे, मग अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा ग्लोबल, म्हणजे इंटरनेटवर सगळीकडं चालणारा पत्ता टाकायचा की एफडीनं (fd) सुरू होणारा, आतल्या नेटवर्कपुरता लोकल, हे ठरवावंच लागतं. मी दोन्ही वापरलेत.

ग्लोबल खरंच चांगला आहे. दुकानातून, घरातून, पुण्यात शिकणाऱ्या पोराच्या लॅपटॉपवरून, सगळीकडून पत्ता एकच. नॅट (राउटरनं मधे पत्ता बदलणं) नाही, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगची भानगड नाही, फायरवॉल तेवढी नीट लावा. नेट कंपनीकडून कायमचा प्रीफिक्स (पत्त्याचा पुढचा भाग) मिळत असेल तर बिनधास्त घ्या, मी अडवणार नाही.

पण गोची तिथंच आहे. पावसाळ्यात लाईट गेली, यूपीएस उतरला, राउटर बंद होऊन परत चालू झाला की साध्या ब्रॉडबँडवर प्रीफिक्स बदलून येऊ शकतो. सर्व्हर तोच, केबल तीच, पत्त्याचा पुढचा भाग तेवढा नवा, आणि काउंटरवरच्या अ‍ॅपमध्ये मात्र जुनाच. गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं, स्क्रीनवर 'सर्व्हर सापडत नाही', आणि सर्व्हर बघावा तर त्याच टेबलाखाली हिरवी लाईट लावून व्यवस्थित चालू! मग मालकाचा फोन, "काय हो हे, सकाळपासनं बिलच निघंना की." डायनॅमिक डीएनएस (पत्ता बदलला की सर्व्हरच्या नावापुढं नवा पत्ता नोंदवणारी सोय) लावून बघितलं, पण जुनं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेलं असेपर्यंत हाल होतातच, आणि टेबलाखालच्या मशीनचा पत्ता विचारायला इंटरनेटवर जायचं हे मला काही पटत नाही. कदाचित तुमच्याकडे असं होत नसेल, माझं मन मात्र तिथंच फिरलं.

लोकल पत्ता म्हणजे २००५ च्या आरएफसी ४१९३ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मधला. नेट असो नसो, तो हलत नाही. त्यातले ४० बिट रँडम काढायचे असतात, ते खरंच रँडम काढा. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीतलं १९२.१६८.१ वालं नेटवर्क ज्याच्या त्याच्या राउटरवर असतं, त्यामुळं खानापूरचं दुकान आणि बेळगावचं गोडाऊन व्हीपीएननं (इंटरनेटवरून टाकलेली खाजगी जोडणी) जोडायला गेलं की दोन्हीकडं तेच पत्ते निघतात आणि काम अडतं. रँडम काढलेल्या एफडी पत्त्यात ती भीती जवळजवळ नाहीच.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सर्व्हरच्या एकाच नावाला आयपीव्ही४ आणि एफडी असे दोन्ही पत्ते दिलेत तर २०१२ च्या आरएफसी ६७२४ च्या नियमानं बऱ्याच सिस्टीम आयपीव्ही४ आधी धरतात, म्हणून दुकानाच्या आत वापरायच्या नावाला एफडीचाच पत्ता द्या. मशीनवर ग्लोबलही राहू दे, एका कार्डावर दोन्ही सुखानं नांदतात, अपडेट-बिपडेट त्यावरून जातील. मालकाला घरून रिपोर्ट बघायचा असेल तर वायरगार्ड (एक व्हीपीएन) बसवा, उद्या बाहेरचा पत्ता बदललाच तर त्यांच्या एका फोनमध्ये दुरुस्त करायचा, प्रत्येक काउंटरवर जाऊन नाही.