स्मार्ट वजनकाटा नऊ महिने वापरून: सायकल, अडलेलं वजन आणि माझ्या टाचा

परवा कंपनीचा मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' ही तिसरी वेळ. म्हणून आज लिहायला बसलो. काटा किती मापं दाखवतो, अ‍ॅप कसं जोडायचं, हे खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. नऊ महिने रोज सकाळी त्यावर उभा राहिलो, ते सांगतो.

मी सेलू तालुक्यातला, वर्धा जिल्हा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर असतो, कापसाच्या गाड्या मोजणं हेच काम. घरून जिनिंग १२ किमी. मागच्या दिवाळीआधी रक्त तपासलं तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांचे पाय शुगरनं कसे गेले ते मी पाहिलंय. दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल झाकून ठेवली आणि सायकलनं जाऊ लागलो. रोज २४ किमी, आणि रविवारी हिंगणीवरून बोरधरणापर्यंत जाऊन परत, ४० च्या आसपास. काटा तेव्हाच सेलमध्ये १,३९९ रुपयांना घेतला. वजन ८४.२, उंची १६८ सेंमी, कंबर १०२.

वजनाच्या बाबतीत काटा चोख आहे, हे आधीच सांगून टाकतो. किराणावाल्याकडून शिक्क्याचं २० किलोचं वजन मागून आणलं आणि सलग तीन दिवस ठेवून पाहिलं. तिन्ही दिवस २०.०. फक्त जागा पक्की हवी. आईच्या खोलीतली जमीन शेणानं सारवलेली आहे, तिथं ठेवला तर मीच दीड किलोनं हलका भरलो. शहाबादी फरशीवर ठेवा आणि मग तिथून हलवू नका.

भांडण झालं ते चरबीच्या आकड्यावरून. नोव्हेंबरात तो २८.६ टक्के दाखवत होता. फेब्रुवारीअखेर वजन ७७ वर आलं, पँट ढिली झाली, आणि चरबी ३०.९ टक्के! सात किलो उतरून चरबीचा टक्का वाढला, म्हणजे अंगातलं मांसच झडलं असाच त्याचा अर्थ होतो. मी घाबरलो. दोन वेळा डाळ, सकाळी दोन अंडी, मूठभर फुटाणे सुरू केले. (ते चांगलंच झालं, अजून चालू आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबानं किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, माझं तेवढं पोटात जात नव्हतं.) कंपनीला फोन केला. त्यांनी व्हिडिओ मागितला, बिलाचा फोटो मागितला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला लावलं. बावीस दिवसांनी काटा बदलून मिळाला. नव्यानं दाखवलं ३१.२.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, पाय स्वच्छ ठेवा." मला ते फार लागलं. रोज आंघोळ करून, पाय पुसून चढणारा माणूस मी.

मार्चमध्ये एका सकाळी घाईत ओल्या पायानंच चढलो. २७.४. उतरलो, पाय खसखसून पुसले, पाच मिनिटं पंख्याखाली बसलो, परत चढलो. ३०.६. ओलं फडकं तळव्यांना लावून पुन्हा चढलो, २७.१. वजन तिन्ही वेळा तेच. मग खाली बसून पाय उलटा करून पाहिला. लहानपणापासून अनवाणी, हंगामात कापसाच्या गंजीवर अनवाणी. टाचेची कातडी जाड, पिवळट, आणि तिच्यात भेगा अशा की रुईचे तंतू त्यात अडकून बसलेले. नखानं ओढून काढावे लागतात. थंडीत तर जास्तच फाटतात.

हा काटा चरबी पाहतच नाही. काचेवरच्या पट्ट्यांतून एका पायात बारीक वीज सोडतो, ती दुसऱ्या पायातून परत येते. अंगातल्या पाण्यातून वीज सहज जाते, चरबीत अडते. किती अडली त्यावरून, आणि आपण भरलेल्या वय-उंचीवरून, तो अंदाज बांधतो. माझ्या कोरड्या टाचेपाशीच ती अडत होती आणि काटा ती अडचण चरबीच्या खात्यात टाकत होता.

तेव्हा काटा बिघडलाय म्हणून मी दोनदा जे बोललो ते मागे घेतो. पण एक तक्रार उरतेच. पुस्तिकेत पेसमेकर बसवलेल्यांनी वापरू नये असं लिहिलंय, ते बरोबरच आहे. पण तळवे कडक असतील तर ओल्या फडक्यानं पुसून चढा, एवढी एक ओळ नाही. जिथं अर्धं गाव अनवाणी शेतात जातं, तिथं काटा विकताना ती पहिल्या पानावर पाहिजे, आणि मराठीत पाहिजे. माझी तिसरी तक्रार एवढीच होती. तीच परवा निकाली निघाली.

आता अडलेल्या वजनाचं. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, दहा आठवडे, मधला एक आठवडा सोडला तर ७६.६ ते ७७.४ च्या मध्येच. सायकल तीच, रस्ता तोच. अ‍ॅपमधली हिरवी रेघ आडवी. एप्रिलमध्ये वैतागून मी भाकरी-भात बंद केला. पाच दिवसांत दोन किलो उतरलं. अक्षय्य तृतीयेला आमरस-पुरणपोळी जेवलो आणि दोन दिवसांत दोन्ही किलो परत. त्या पाच दिवसांत जिनिंगच्या अलीकडच्या चढावर पाय अक्षरशः उचलत नव्हते. आई म्हणाली, "काहून पोटाले मारतं रे? सायकल हाकलतं अन् उपाशी राह्यतं!"

खरं तर हे मला आधी कळायला हवं होतं. माझं कामच आहे ते. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर गाडी परत. काट्यावर वजन भरलं म्हणून कापूस भरला असं आम्ही धरत नाही, आधी ओलावा पाहतो. अंगाचंही तसंच आहे. भाकरी-भाताची साखर स्नायूंत आणि यकृतात साठते, आणि त्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बसतं. खाणं तोडलं की साठा उतरतो, पाणीही जातं. ते दोन किलो चरबीचे नव्हतेच, कारण एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. माझं रोजचं जाणं-येणं साडेपाचशे-सहाशे कॅलरीचं. पाच दिवसांत दोन किलो चरबी कुठून जळणार?

मग वजन अडलं कशानं? एक तर ८४ किलोचं अंग चढावर ओढायला जेवढं लागायचं, तेवढं ७७ ला लागत नाही. दुसरं, आणि माझ्या मते मोठं कारण, मार्चमध्ये हंगाम संपला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी दिवसभर यार्डात गाड्यांमागे फिरत होतो. मार्चपासून खुर्ची, हिशोबाच्या वह्या आणि चहा. सायकल तेवढीच राहिली, पण बाकीचं चालणं गेलं, आणि मला वाटत होतं की सगळं काम सायकलच करते.

तिसरं कारण घरातल्या डब्यानं सांगितलं. चार माणसांत महिन्याला ५ लिटर तेल. भागून पाहिलं तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम, आणि तर्री मीच जास्त ओढतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात २,००० कॅलरीला तेल-तूप २७ ग्रॅम आहे. मिसेसनं मनावर घेतलं. डब्यावर मार्करनं रेघ मारली, महिन्याला साडेतीन लिटर, त्यापुढे डबा उघडायचा नाही. वांग्याची भाजी पहिल्या आठवड्यात मुलानं नाकारली, आता खातो. रविवारचे तर्री-पोहे महिन्यातून एकदाच. चहा पाचाचे दोन. संध्याकाळी जिनिंगच्या कंपाउंडला अर्धा तास चकरा. भाकरी परत सुरू केली. मेअखेर वजन हललं, आज ७४.३. तेलाचे दीड लिटर दर महिन्याला वाचतात, काट्याचे पैसे त्यातूनच हळूहळू वसूल होतील.

अ‍ॅपचं 'आदर्श वजन' मात्र मी मनातून काढून टाकलं. ते माझ्यासाठी ६२ किलो सांगतं, कारण बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२ धरून चालतं. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, त्या हिशोबानं माझी लठ्ठपणाची वेस ७०.५ किलोवर येते. तिथवर मी जाणार. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी टेप हातात दिली: पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत, बाईची ८०. माझी १०२ वरून ९३ झाली. जूनमध्ये एचबीए१सी ५.६. दहा रुपयांच्या टेपला टाचांच्या भेगांनी फरक पडत नाही.

आणि ज्या कामासाठी हा काटा घेतलाच नव्हता, त्याच कामासाठी आता तो मला सोडवत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पहाटे पाचला निघालो तरी परतताना उन्हं तापलेली असतात. एका रविवारी निघताना उघड्या अंगानं ७६.४ होतो, आल्यावर घाम पुसून ७५.३, आणि वाटेत ७५० मिलीची बाटली संपवली होती. म्हणजे अंगातून जवळजवळ १.८ लिटर गेलं, आत आलं पाऊणच. दुपारचं डोकं दुखणं आणि चिडचिड मी वयावर ढकलत होतो. तेव्हापासून दोन बाटल्या नेतो, एकीत मीठ-साखर-लिंबू. जाण्यायेण्यातला फरक अर्ध्या किलोच्या आत आला आणि डोकं दुखणं थांबलं.

घ्यायचा असेल तर अ‍ॅपवाला घेऊ नका, साधा सहाशे-सातशेचा डिजिटल घ्या आणि सोबत शिवणकामाची टेप. रोज उठल्यावर एकाच वेळी चढा, आठवड्याची सरासरी वहीत लिहा. माझा काटा फरशीवरच आहे, फोनमधलं अ‍ॅप काढून टाकलंय. टाचांना रात्री खोबरेल लावून मोजे घालतो. आईच्याही लावतो. तिच्या भेगा माझ्याहून खोल आहेत.