‘लॉरेल अँड हार्डी : इयर वन’ : डब्यावर जोडी, आत हॅल रोच

जुने सिनेमे डिस्कवर आणणाऱ्या फ्लिकर ॲली कंपनीने २०२३ मध्ये काढलेला ‘लॉरेल अँड हार्डी : इयर वन’ हा दोन ब्ल्यू-रे डिस्कचा संच पाहून संपवला आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावला. डब्यावर चेहरे लॉरेल आणि हार्डी या गाजलेल्या विनोदी जोडीचे आहेत, ते साहजिकच आहे. पण १९२७ सालचे हे मूकपट ओळीने पाहत गेलं की पडद्यावर न दिसणाऱ्या एका माणसाचं काम डोळ्यांत भरतं. तो म्हणजे निर्माता हॅल रोच. मी संकलनाचं काम करते, त्यातही विनोदी मालिकांचं जास्त. निर्मात्याने कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये, यावरून आमच्याकडे रोज डोकेफोड चालते. म्हणून असेल, पण मला हा संच एखाद्या कारखान्याच्या हजेरीपटासारखा वाटला. कोण कधी कामावर आलं, कोणाला कुठे बसवलं, कोणाची जागा कधी बदलली, सगळं समोर दिसतं.

रोचची आधीची वाटचाल थोडक्यात सांगते. जन्म १८९२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराचा. तरुणपणी अलास्कापर्यंत भटकला, मग लॉस एंजेलिसला येऊन चित्रपटांत एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला. वारशाचे थोडे पैसे हाती येताच १९१४ मध्ये रोलिन नावाची कंपनी काढली. एक्स्ट्रा म्हणून काम करताना भेटलेला हॅरॉल्ड लॉइड हा त्याचा पहिला मोठा नट. १९२२ मध्ये ‘अवर गँग’ या विनोदी मालिकेतली मुलं आली. १९२३ मध्ये लॉइड स्वतंत्र झाला, भांडण न होता. कल्व्हर सिटीत स्वतःचा स्टुडिओ उभा होता, चार्ली चेससारखा पक्का विनोदी नट हाताशी होता, पण लॉइडच्या तोडीचं नाव उरलं नव्हतं.

संचातले बरेचसे सिनेमे या अडचणीतूनच जन्मले. रोचने ‘ऑल स्टार’ नावाची मालिका काढली. थीडा बारा, प्रिसिला डीन, मे बुश यांच्यासारखी, मोठ्या चित्रपटांत झळकून गेलेली नावं काही दिवसांसाठी आणायची, जाहिरातीत त्यांना पुढे ठेवायचं, आणि हसवायचं काम स्टुडिओच्या पगारी नटांकडून करून घ्यायचं. ऑलिव्हर हार्डी त्या पगारी नटांतला एक. स्टॅन लॉरेल तर तेव्हा लिहिण्याकडे आणि दिग्दर्शनाकडे वळला होता. १९२६ मध्ये घरी मटणाची तंगडी भाजताना हार्डीचा हात पोळला, आयत्या वेळी त्याच्या जागी लॉरेलला उभं केलं, आणि तो पुन्हा नट झाला. त्याआधीही रोचने त्याला घेऊन पाहिलं होतं, पण जुन्या फिल्मवर त्याचे फिकट निळे डोळे पांढरे उमटत. सगळे रंग नीट टिपणाऱ्या नव्या पॅनक्रोमॅटिक फिल्मने तो प्रश्न सोडवला. संचात ‘द लकी डॉग’ हा आधीचा मूकपटही आहे. त्यातला लॉरेल आणि १९२७ चा लॉरेल लागोपाठ पाहा.

‘फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स फ्रॉम हॉलिवुड’मध्ये दोघं आहेत, पण एका चौकटीत एकत्र येतच नाहीत. पुढे मार्च १९२७ मध्ये ‘डक सूप’ आला आणि त्यात चक्क जोडी तयार! दोन भटके एका बंगल्यात घुसून मालक आणि मोलकरीण बनतात. मूळ प्रहसन लॉरेलच्या वडिलांचं. हार्डीच्या गालावर दाढीचे खुंट, डोळ्यावर एकभिंगी चष्मा, डोक्यावर उंच टोपी. आज आपल्याला कळतं की इथेच सगळं जमलं होतं. पण स्टुडिओच्या लक्षात आलं नाही! लगेचच्या ‘स्लिपिंग वाइव्ह्ज’मध्ये हार्डी बटलर आणि लॉरेल रंगाचे डबे पोचवणारा. ‘लव्ह ’एम अँड वीप’मध्ये तर जेम्स फिन्लेसन मध्यभागी आणि हे दोघं कडेला.

ही जोडी कोणी जमवली याचं श्रेय रोचही घ्यायचा आणि त्याच्याकडे देखरेख करणारा लिओ मॅकॅरीही घ्यायचा. सिनेमे पाहून माझं मत असं झालं की अशी योजना कोणाच्याच डोक्यात पहिल्यापासून नव्हती. रोचने जे केलं ते वेगळं आणि जास्त अवघड. तीच माणसं पगारावर ठेवली, दर महिन्याला नवा दोन रिळांचा छोटा सिनेमा करायला लावला, आणि एखादा फसला म्हणून कोणाला घालवलं नाही. कीस्टोन स्टुडिओच्या मॅक सेनेटकडे धावपळ, धडक, पाठलाग हे चलनी नाणं होतं आणि चॅप्लिनसारखा नट वर्षभरात जास्त पगारासाठी निघून गेला. रोचकडे माणसं टिकली, म्हणून त्यांच्या चालीबोलीला मुरायला वेळ मिळाला.

हे मुरणं नेमकं कुठे दिसतं? ‘डू डिटेक्टिव्ह्ज थिंक?’मध्ये. दोघं घाबरत स्मशानाच्या कडेने जातात, वाऱ्याने गोल डर्बी टोप्या उडतात, आणि उचलताना अदलाबदल होते. लॉरेलच्या टोपीत हार्डीचं डोकं मावत नाही, हार्डीची टोपी लॉरेलच्या कानांवर उतरते. परत बदलतात, पुन्हा चुकतात. कोणी कोणाला मारत नाही, कोणी पळत नाही. त्या काळचा दुसरा निर्माता ‘कापा हे’ म्हणाला असता. इथे शॉट तसाच ठेवलाय. ‘द सेकंड हंड्रेड इयर्स’मधल्या तुरुंगातून पळालेल्या दोघांचंही तसंच. रंगारी असल्याची बतावणी करत, मागे पोलीस लागलाय म्हणून दिसेल ते पांढरं रंगवत सुटतात.

मग ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’. हा मूकपट कित्येक वर्षं तुकड्यांतच होता. एकमेकांवर ‘पाय’ (गोड सारण भरलेली गोल पेस्ट्री) फेकण्याचं दुसरं रीळ २०१५ मध्ये एका संग्राहकाकडे पूर्ण सापडलं. मधला थोडा भाग अजूनही गहाळ आहे आणि तो इथे स्थिरचित्रं व पाट्या लावून जोडलाय, ते प्रामाणिक वाटलं. ३००० ‘पाय’ वापरल्याचं सांगतात, पण माझं लक्ष आकड्याकडे गेलंच नाही. हार्डी केळ्याची साल टाकतो ती विम्याच्या पैशासाठी, लॉरेल घसरावा म्हणून, आणि घसरतो ‘पाय’वाला. तिथून पुढे प्रत्येक नव्या माणसाला ‘पाय’ लागतो तेव्हा आधी तो थांबतो. पुसतो. कोणी मारलं ते बघतो. मग शांतपणे चालत जाऊन फेकायला एक ‘पाय’ उचलतो. हे थांबणं दर वेळी थोडं वेगळं आहे, आणि सगळी गंमत त्यात आहे. शेवटाकडे नटी अनिता गार्विन ‘पाय’वर बसते, उठते, काय झालं ते कळूनही कळलं नाही असं दाखवत एक पाऊल झटकत निघून जाते. हा शॉट मी मागे नेऊन नेऊन पाहिला.

पाहण्याच्या क्रमाबद्दल एक सांगते. १९२७ मध्ये रोच पाथे ही वितरण कंपनी सोडून एमजीएमकडे वितरणाला गेला. पाथेने आपल्याकडचे सिनेमे राखून राखून सोडले, त्यामुळे आदिमानवांचा ‘फ्लाइंग एलिफंट्स’ आधी चित्रित होऊनही फेब्रुवारी १९२८ मध्ये आला. प्रदर्शनाच्या तारखेने पाहिलंत तर जोडी पुढे गेली, मागे आली असा गोंधळ होतो. चित्रीकरणाच्या क्रमाने पाहा.

रोचची दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी. लॉरेल आणि हार्डी यांचे करार त्याने वेगवेगळे ठेवले, संपायच्या तारखाही वेगळ्या. दोघांनी एकत्र बसून पैसे मागायची वेळच येऊ दिली नाही. ज्या माणसाने त्यांना इतका वेळ दिला त्यानेच हे केलं, याचं मला वाईट वाटतं. १९३७ मध्ये मुसोलिनीच्या मुलाबरोबर भागीदारी करायला निघाला होता, ती टीका झाल्यावर मोडली. १९५५ मध्ये त्याने स्टुडिओ मुलाला विकला, १९६३ मध्ये इमारती पाडल्या गेल्या. स्वतः रोच मात्र १०० वर्षं जगला.

आता संचाच्या दर्जाबद्दल. या मूकपटांच्या निगेटिव्ह प्रती काढून काढून झिजल्या होत्या. वेगवेगळ्या संग्रहांतल्या बऱ्यात बऱ्या प्रती जुळवून हे काम झालंय आणि बहुतेक ठिकाणी चेहऱ्यांवरचे बारीक भाव स्वच्छ दिसतात. सगळीकडे नाही. ‘व्हाय गर्ल्स लव्ह सेलर्स’ची प्रत थकलेली आहे आणि सिनेमाही कमजोर आहे. ‘हॅट्स ऑफ’ इथे नाही, कारण तो कुठेच उरलेला नाही. तज्ज्ञांची समालोचनं माहितीने गच्च आहेत, पण पहिल्यांदा पाहताना ती बंद ठेवा.

किंमत कमी नाही. नुसतं हसायचं असेल तर दुसऱ्या डिस्कपासून सुरुवात केली तरी चालेल. विनोद बनतो कसा हे पाहायचं असेल, किंवा तुम्ही लिहिता, कापता, माणसं नेमता, तर दोन्ही डिस्क बिनधास्त घ्या. १९२८ च्या मूकपटांचा ‘इयर टू’ही निघालाय. त्यात मोटारींची मोडतोड असलेला ‘टू टार्स’ आहे, आणि माझी मागणी नोंदवून झाली आहे.