डक्ट सफाईचं रोटरी ब्रश मशीन: काही महिने वापरल्यानंतर

एसीची हवा वाहून नेणारे डक्ट साफ करायचा हा संच असा: लवचिक शाफ्टवर फिरणारा ब्रश, आणि ताशी 5000 घनमीटर हवा ओढणारं हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरवालं सक्शन युनिट. विकणारे ब्रशचेच व्हिडिओ दाखवतात. प्रत्यक्षात ब्रश धूळ फक्त सुटी करतो, बाहेर आणतं ते सक्शन. 600 बाय 400 मिमीच्या डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला साधारण 5.8 मीटर मिळतो आणि धूळ छान निघते. तेच 1000 बाय 600 च्या मुख्य डक्टवर लावलं की वेग 2.3 वर येतो. बारीक धूळ जाते. प्लास्टरचे खडे आणि सुटे स्क्रू तळाशीच राहतात. तिथे दोन युनिटं जोडा, नाहीतर ॲक्सेस डोअरमधून (डक्टला कापलेल्या झाकणवाल्या तोंडातून) हाताने व्हॅक्यूम मारा.

हे आकडेही कागदावरचे. प्री-फिल्टर (हेपाच्या आधीचा जाड फिल्टर) चोंदला की हवा झपाट्याने घटते, त्यामुळे प्रेशर गेज नसलेलं युनिट घेऊच नये. होजला पडलेली प्रत्येक घडीही हवा खाते.

एएचयू (डक्टमध्ये हवा ढकलणारं एसीचं मुख्य युनिट) बंद करून त्या भागातल्या ग्रिल आणि डिफ्यूझर (खोलीत उघडणारी डक्टची जाळीदार तोंडं) प्लास्टिकने सील करायचे, पण ब्रश आत जातो ते तोंड उघडं हवं. तेही बंद केलं तर हवा वाहायचीच थांबते आणि पातळ पत्र्याचा डक्ट आत ओढला जातो. सक्शन एका टोकाला, ब्रश दुसऱ्या टोकाकडून. ब्रश डक्टपेक्षा थोडा मोठा हवा, नाहीतर चौकोनी डक्टचे कोपरे तसेच राहतात.

शाफ्टची लांबी कितीही लिहिलेली असो, दोन काटकोनी वळणांनंतर त्यातला जोर संपतो. आतली केबल पिळते, बाहेरचं आवरण गरम होतं. आवरण हाताला चटका देऊ लागलं की थांबा. तसंच रेटलं तर केबल तुटते. आमच्या मशीनचं कपलिंग (ब्रश शाफ्टला जोडणारा सांधा) आट्यांचं आहे. उलट्या दिशेने जोरात फिरवलं की ते सैल होतं आणि ब्रश आतच राहतो. पिनवालं कपलिंग मिळालं तर तेच घ्या.

वळणात टर्निंग व्हेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) असतील तर ब्रश पलीकडे जातच नाही. दोन्ही बाजूंना ॲक्सेस डोअर कापावे लागतात. फायर डॅम्परच्या (आग लागल्यास डक्ट बंद करणाऱ्या झडपेच्या) पलीकडेही तसंच. व्हॉल्यूम डॅम्परच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) हँडलची जागा आधी मार्करने आखून ठेवा. सफाईनंतर हवेचं बॅलन्सिंग (खोल्यांमधली वाटणी) बिघडल्याच्या तक्रारी बहुतेक हलून गेलेल्या हँडलमुळेच येतात.

आतून ग्लासवूल लावलेल्या डक्टमध्ये कडक ब्रश घालू नका, अस्तर फाटून तंतू थेट खोल्यांत उडतात. मऊ ब्रश आणि सक्शन, बस्स. फ्लेक्सिबल डक्ट घासण्यापेक्षा बदलणं बरं. आणि किचन एक्झॉस्टला हे मशीन नाहीच: तिथला चिकट थर ब्रशवर माखतो. त्याला खरवडणं आणि अल्कली क्लीनर लागतो.

काम झाल्याचा पुरावा म्हणून पांढरं फडकं दाखवतात, त्यावर विसंबू नये. सफाईआधी आणि नंतर एकाच जागेचे कॅमेरा फोटो मागा. वाद असेल तर नाडका या अमेरिकी डक्ट सफाई संघटनेची व्हॅक्यूम टेस्ट आहे: 100 चौरस सेंटीमीटरवर 0.75 मिलीग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको. धुळीच्या थरावर जंतुनाशकाचं फॉगिंग (धुक्यासारखी फवारणी) म्हणजे निव्वळ बिल वाढवणं.

एएचयूची कॉइल आणि ड्रेन पॅन त्याच खेपेत धुवा, फिल्टर नवे घाला. मग डिफ्यूझरवर तात्पुरतं फिल्टर कापड लावूनच पंखा सुरू करा. सांध्यांत अडकलेली धूळ पहिल्या तासाभरात सुटते.